टाळ्यांनंतरचे गाणे

मिरजेत जन्मलेल्या माणसाने 'आमच्या घरात गाणे-बजावणे नव्हते' असे म्हटले तर त्यावर कोणी चटकन विश्वास ठेवणार नाही. पण आमच्याकडे खरोखरच नव्हते. अम्मीचे माहेर सतारी-तंबोरे करणाऱ्यांचे. मामूंच्या कारखान्यात गेले की भोपळ्यांची रास, सरसाचा वास आणि जवारी लावताना पुन्हा पुन्हा छेडली जाणारी एकच तार. अब्बांचे घराणे मात्र मास्तरकीचे. अब्बा उर्दू शाळेत हेडमास्तर होते. घरात रेडिओ होता, तो बातम्यांपुरता. बातम्या संपल्या की बटण बंद. उरुसात दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे चाले. मामू आम्हा मुलांना तिथे घेऊन जात आणि सकाळी अब्बा विचारत, "पढ़ाई का क्या हुआ?"

अशा घरातली मी. आता अब्बांच्याच शाळेत शिकवते. बी.एड.ला माझ्या दोन पद्धती होत्या, इतिहास आणि मराठी. शाळा उर्दू माध्यमाची. त्यामुळे मी इतिहास उर्दूतून शिकवते, मराठी मराठीतून शिकवते आणि लिहायची वेळ आली की मराठीत लिहिते. याचे काही जणांना नवल वाटते, काही जणांना खटकते. मला त्याची सवय झाली आहे.

पाश्चात्त्य संगीतातले मला काहीही कळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी लिहिते आहे ती एका जुन्या ध्वनिमुद्रणाविषयी. ते माझ्यापर्यंत आले नववीच्या इतिहासाच्या पुस्तकामुळे.

नववीला 'इतिहासाची साधने' असा पाठ आहे. लिखित साधने, भौतिक साधने, मौखिक साधने, दृक्-श्राव्य साधने. लिखित म्हटले की मुले ताम्रपट सांगतात, भौतिक म्हटले की नाणी सांगतात. 'श्राव्य' म्हटले की गप्प बसतात. आवाज हासुद्धा पुरावा असतो, हे त्यांना कसे पटवावे, असे मी एकदा मामूंच्या मुलाला सहज म्हणाले. तो सतारीबरोबर व्हायोलिनही दुरुस्त करतो आणि त्या निमित्ताने जगभरचे काय काय ऐकत असतो. दोन दिवसांनी त्याने माझ्या मोबाईलवर एक ध्वनिमुद्रण पाठवले. खाली लिहिले होते, 'आपा, शेवटची पाच मिनिटे आधी ऐका. मग पहिल्यापासून.'

मी तसेच केले. आधी वाद्यांचा गजर, मग टाळ्या. टाळ्या थांबेचनात. लोक ओरडत होते. आणि त्या गोंगाटातून, कोणी सुरुवात केली ते कळत नाही, पण माणसे गाऊ लागली. हे कसलेल्या गायकांचे वृंदगान नव्हते. तिकीट काढून आलेली साधी माणसे गात होती. मला भाषा कळत नव्हती, प्रसंग ठाऊक नव्हता. तरी मी स्वयंपाकघरात हातातले लाटणे तसेच धरून उभी राहिले.

ते ध्वनिमुद्रण 5 जून 1939 चे. गाव प्राग, जागा तिथले राष्ट्रीय नाट्यगृह. वाद्यवृंद चेक फिलहार्मोनिक आणि त्याचा संचालक व्हात्स्लाव तालिख.

वर्गात मी 'कंडक्टर' हा शब्द वापरला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, वो टिकट भी देता था क्या?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग सांगितले की हा कंडक्टर तिकीट देत नाही, वाद्यही वाजवत नाही. ऐंशी-नव्वद वादकांपुढे हातात एक छोटी काठी घेऊन उभा राहतो. कोणी कधी सुरू करायचे, किती हळू, किती जोरात, कुठे श्वास घ्यायचा, हे तो ठरवतो. त्याच्या स्वतःच्या हातून एक सूरही निघत नाही, आणि तरी त्या सगळ्या सुरांची जबाबदारी त्याची असते. हे सांगताना माझ्या मनात आले, हेडमास्तरचेही असेच असते. पण ते मी वर्गात बोलले नाही.

तालिखचा जन्म 1883 चा, मोराव्हियातल्या क्रोमेर्झिश गावातला. मूळचा तो व्हायोलिन वादक. तरुणपणी बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये आर्थर निकिश या नामांकित संचालकाच्या हाताखाली व्हायोलिन वाजवत असे. त्याला पाहूनच आपणही संचालक व्हावे असे त्याने मनात घेतले. मग ओडेसा, तिफ्लिस, ल्युब्लियाना, पिल्सेन असा पोटासाठी हिंडला. 1918 च्या ऑक्टोबर महिन्यात ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडून चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश झाला. तो जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, तालिखने योसेफ सूक या आपल्या मित्राची 'झ्रानी', म्हणजे 'परिपक्वता', ही मोठी रचना प्रथम सादर केली. पुढच्या वर्षी तो चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला आणि 1941 पर्यंत राहिला. बावीस वर्षे. पुढे जगात नाव झालेला हा वाद्यवृंद घडवला त्याने, असे जाणकार सांगतात.

त्या रात्री वाजवलेली रचना बेद्रिख स्मेतानाची. नाव 'मा व्लास्त', म्हणजे 'माझा देश'. सहा भाग, मिळून सव्वा तासाच्या आसपास. पहिला भाग विशेह्राद, प्रागमधला नदीकाठचा जुना गड. दुसरा व्हल्तावा नदीचा, सगळ्यांत लोकप्रिय. त्यात सुरुवातीला बासऱ्या वाजतात, ते नदीचे उगमाचे झरे. मग शिकारी, खेड्यातले लग्न, चांदणे, धबधबा असे करत ती नदी प्रागला पोहोचते. तिसरा शार्का नावाच्या दंतकथेतल्या बाईचा. चौथा रानाचा आणि शेतांचा. पाचवा ताबोर, यान हुसच्या अनुयायांच्या गावाचा. हुसला 1415 साली जिवंत जाळले होते. सहावा ब्लानिक, एका डोंगराचा. त्या डोंगराच्या पोटात शूर शिपाई झोपले आहेत आणि देशावर सगळ्यांत वाईट वेळ येईल तेव्हा ते जागे होऊन बाहेर पडतील, अशी तिथली समजूत. हे ऐकून माझ्या वर्गातली एक मुलगी लगेच म्हणाली, "अस्हाबे कहफ जैसे?" गुहेत झोपलेल्या त्या तरुणांची गोष्ट आमच्या मुलांना पाठ असते. मी म्हटले, "थोडेसे तसेच."

स्मेतानाविषयी आणखी दोन गोष्टी वाचल्या आणि हा माणूस मला एकदम ओळखीचा वाटू लागला. पहिली ही की 1874 च्या ऑक्टोबरमध्ये तो ठार बहिरा झाला. 'व्हल्तावा' त्यानंतर लिहिलेली आहे, त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात. जी नदी सगळे जग ऐकते ती तिच्या कर्त्याने कानाने कधी ऐकलीच नाही. दुसरी गोष्ट भाषेची. त्याचे शिक्षण जर्मनमधून झालेले. त्या काळी शिकल्यासवरल्या लोकांची भाषा तीच होती. डायरी जर्मनमध्ये, पत्रे जर्मनमध्ये. आपल्याच लोकांची चेक भाषा नीट लिहायला तो शिकला तिशी उलटल्यावर, आणि सुरुवातीच्या पत्रांत आपल्या चुकांबद्दल माफी मागत राहिला. ज्याला चेक लोक आपला राष्ट्रीय संगीतकार मानतात, त्याची चेक अशी अडखळणारी होती. मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घासाठी दहा वेळा शब्दकोश उघडणाऱ्या मला त्या दिवशी फार धीर आला. माणूस कोणत्या भाषेत शिकला यावरून त्याचा देश ठरत नाही.

आता तो दिवस. 15 मार्च 1939 ला हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या होत्या. त्याच्या आदल्याच दिवशी स्लोव्हाकिया वेगळा झाला होता. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश वीस वर्षांत नकाशावरून पुसला गेला. राहिले ते 'बोहेमिया आणि मोराव्हियाचे संरक्षित राज्य'. संरक्षण कोणापासून, ते कोणी सांगितले नाही. या घटनेला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा हा कार्यक्रम झाला, राष्ट्रीय नाट्यगृहात. त्या नाट्यगृहाचीही कथा आहे. ते लोकवर्गणीतून उभे राहिले. 1881 साली उघडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळाले. मग अवघ्या 47 दिवसांत लोकांनी दहा लाख गुल्डन पुन्हा जमवले आणि 1883 च्या नोव्हेंबरात दारे पुन्हा उघडली. रंगमंचाच्या वर 'राष्ट्राने स्वतःसाठी' अशा अर्थाचे दोन शब्द कोरलेले आहेत. चंदा गोळा करून शाळा बांधणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ध्वनिमुद्रण ऐकताना लक्षात येते की श्रोते प्रत्येक भागानंतर टाळ्या वाजवत आहेत. खोकल्याचे, खुर्च्यांचे आवाज आहेत. मागे एक खरखर सतत चालू आहे, पावसाची रिपरिप असावी तशी. आणि शेवटी ते गाणे, चेक लोकांचे राष्ट्रगीत. त्याचे नाव 'कुठे आहे माझे घर?' मूळ गाणे 1834 च्या एका नाटकातले. योसेफ कायेतान तिलने लिहिलेले आणि फ्रांतिशेक श्क्रोउपने चाल दिलेले. नाटकात ते एक आंधळा फिडलवाला म्हणतो. आंधळ्याने विचारलेला प्रश्न एका देशाचे राष्ट्रगीत झाला, हे माझ्या मुलांना खूप आवडले. आणि ज्या वर्षी घर दुसऱ्याच्या ताब्यात गेले त्या वर्षी, आपल्याच नाट्यगृहात बसून, लोक एकमेकांना विचारत होते, कुठे आहे माझे घर?

हा कार्यक्रम रेडिओवरून परदेशातही ऐकवला गेला. नॉर्वेच्या रेडिओच्या संग्रहात त्याचे मुद्रण राहिले म्हणून ते वाचले. प्रागच्या सुप्राफॉन कंपनीने ते 2011 साली प्रसिद्ध केले, त्याच महिन्यातल्या 13 तारखेला वाजवलेल्या द्व्होर्झाकच्या 'स्लाव्हिक नृत्यां'सह. म्हणजे बहात्तर वर्षे तो आवाज परक्या देशात जपून होता.

तालिखने हीच रचना त्याआधी 1929 साली एच.एम.व्ही.साठी संपूर्ण मुद्रित केली होती. ते तिचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण. तोच भोंग्यापुढे बसलेला कुत्रा, जो आमच्या मामूंकडच्या तबकड्यांवर आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत. सव्वा तासाची रचना म्हणजे सतरा-अठरा बाजू. दर चार मिनिटांनी थांबायचे आणि पुन्हा तिथूनच, त्याच लयीत, उचलायचे. मामू म्हणतात, जुन्या गवयांनी तीन मिनिटांत राग मांडला तो याच जाचामुळे. युरोपातल्यांनी नदीचे तुकडे केले, आमच्यांनी रागाचा अर्क काढला. असो.

इथपर्यंतची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. शूर माणूस, शूर लोक, टाळ्या, राष्ट्रगीत. तास संपला, मुले खूश झाली. पण मी घरी येऊन तालिखविषयी पुढचे वाचत गेले आणि मला ते सोपे वाटेना.

फेब्रुवारी 1941 मध्ये हाच तालिख, हाच वाद्यवृंद घेऊन, बर्लिनला गेला. नाझींना चेक कलावंत तिथे हवे होते. गोबेल्सचे त्यावर लक्ष होते. तालिख गेला, आणि जाताना 'माझा देश'च घेऊन गेला. शत्रूच्या राजधानीत त्याने तीच रचना वाजवली. हे धैर्य म्हणायचे की शरणागती? त्या वेळी प्रागमध्ये काहींनी एक म्हटले, काहींनी दुसरे. त्याच वर्षी त्याने फिलहार्मोनिक सोडले आणि नाट्यगृहाचे ऑपेराचे काम तेवढे ठेवले. मे 1945 मध्ये युद्ध संपले आणि त्याला अटक झाली. आरोप काय, तर नाझींशी सहकार्य. काही आठवडे तो तुरुंगात होता. आरोप सिद्ध झाला नाही, पण डाग गेला नाही. नव्या सरकारात संस्कृतीचे आणि शिक्षणाचे सूत्रधार झालेले झ्देन्येक नेयेदली त्याचे जुने विरोधक होते. बासष्टीच्या माणसाने मग 1946 साली तरुण मुलांना गोळा करून एक छोटा चेंबर ऑर्केस्ट्रा उभा केला. 1947-48 मध्ये चार्ल्स मॅकेरास नावाचा एक तरुण त्याच्याकडे शिकायला येऊन राहिला, तो पुढे मोठा संचालक झाला आणि चेक संगीताचा जगभर प्रचारक. पण 1948 च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर तेही बंद पडले. तालिखला ब्रातिस्लाव्हाला जावे लागले. तिथे 1949 साली स्थापन झालेल्या स्लोव्हाक फिलहार्मोनिकला त्याने आकार दिला. ज्या प्रागसाठी सगळे केले त्या प्रागमध्ये त्याला जागा नव्हती.

हे वाचताना मला सारखे अब्बा आठवत होते. इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. आजवर मी ती कोणाला सांगितलेली नाही.

अब्बांची शाळा तेव्हा सातवीपर्यंतच होती. पुढे मुलांना दुसरीकडे पाठवावे लागे आणि मुलींना बहुतेक घरी बसवत. आठवी ते दहावीच्या वर्गांची मान्यता आणि खोल्या यांची फाईल वर्षानुवर्षे अडकली होती. अब्बा चकरा मारून थकले. मी दहावीत असतानाची गोष्ट. आमच्या भागातले एक पुढारी होते. निवडणुकीच्या भर सभेत ते आमच्या मोहल्ल्याविषयी नको ते बोलले होते. ते बोलणे प्रत्येक घरात पाठ होते. आणि अब्बांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावले. त्यांच्या गळ्यात हार घातला. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोलले. वर्तमानपत्रात फोटो आला. अब्बा हार घालताहेत, मान थोडी खाली.

तेव्हापासून मोहल्ल्यात अब्बांना सलाम करणारे कमी झाले. कोणी 'चमचा' म्हटले, कोणी त्याहून वाईट. किराण्याच्या दुकानात मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. पुढच्या वर्षी मान्यता आली. त्यानंतर दोन वर्षांनी खोल्या झाल्या. तिथे शिकायला सगळ्यांची मुले आली, बोलणाऱ्यांचीही. पण फोटो कोणी विसरले नाही. मीही नाही. सोळा वर्षांची होते. मला वाटे, माझ्या बापाने मान खाली घातली.

अब्बा 31 मे 2008 ला निवृत्त झाले. शाळेत निरोप समारंभ होता. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. 'माझा पेपर आहे' असे सांगून मी घरातून निघाले आणि मैत्रिणीकडे जाऊन बसले. पेपर नव्हता. नंतर अम्मीने सांगितले, मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्याहून अधिक रिकाम्याच होत्या.

अब्बांच्या त्या हाराची आणि तालिखच्या बर्लिनची बरोबरी होऊ शकत नाही, हे मला कळते. तिथे एक अख्खा देश गिळला गेला होता आणि लाखो माणसे मारली जात होती. तालिखचाच शिष्य कारेल आंचेर्ल, ज्यू असल्यामुळे 1942 साली टेरेझिनच्या छावणीत आणि तिथून ऑश्विट्झला गेला. आईवडील, बायको आणि लहानगा मुलगा, सगळे गमावून तो एकटा परत आला. त्याने 1950 ते 1968 हाच चेक फिलहार्मोनिक सांभाळला. 1963 साली याच रचनेची ध्वनिमुद्रिका केली. आणि 1968 च्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये आले तेव्हा तो परदेशात होता, मग परदेशातच स्थायिक झाला आणि 1973 साली टोरांटोत वारला. तालिखनंतर वाद्यवृंद हाती घेणारा राफाएल कुबेलिक 1948 मध्ये देश सोडून गेला आणि बेचाळीस वर्षांनी, 1990 च्या मे महिन्यात, परत येऊन याच 'माझा देश'ने त्याने प्राग स्प्रिंग महोत्सवाचे उद्घाटन केले. एकच रचना आणि तीन माणसे. एकाला छावणीत नेले, एक निघून गेला, एक थांबला. निघून गेलेल्याचे स्वागत झाले. छावणीतून आलेल्यापुढे आपण मान झुकवतो. थांबलेल्याला मात्र जन्मभर हिशेब द्यावा लागला, कोणाशी हात मिळवलास, का मिळवलास.

तालिख बरोबर होता की चूक, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट मला त्या ध्वनिमुद्रणाने शिकवली. मी आधी फक्त शेवटची पाच मिनिटे ऐकली होती. टाळ्या आणि गाणे. माझ्या भावाने सांगितले होते, मग पहिल्यापासून ऐका. अब्बांच्या बाबतीत मी एक फोटो पाहिला होता. पहिल्यापासून कधी ऐकलेच नव्हते.

मी ज्या वर्गात त्या दिवशी मुलांना हे सगळे ऐकवले, तो वर्ग त्या मान्यतेनंतर झालेल्या खोल्यांपैकी आहे. माझ्यापुढे एकोणतीस मुली आणि चौदा मुले बसली होती.

अब्बा आता पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. कानाला मशीन आहे. ते लावायचा कंटाळा करतात. एका रविवारी असरच्या नमाजीनंतर मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटले, "अब्बा, एक चीज सुननी है." त्यांनी मशीन लावले. मी मोबाईल त्यांच्या उशीवर ठेवला. मला वाटले होते दोन मिनिटांत बंद करायला सांगतील. तसे झाले नाही. ब्लानिक संपले. टाळ्या सुरू झाल्या. मग लोक गाऊ लागले. अब्बा एकाग्र झाले.

"ये क्या गा रहे हैं?"

मी सांगितले. अर्थ सांगितला. आंधळ्या फिडलवाल्याचे सांगितले.

"बगैर बाजे के गा रहे हैं, फिर भी सुर में हैं," अब्बा म्हणाले. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर पाचशे मुलांचे राष्ट्रगीत सुरात आणण्यासाठी झगडलेल्या हेडमास्तरचे ते मत होते.

मग मी त्यांना पुढचे सांगितले. बर्लिन. तुरुंग. ब्रातिस्लाव्हा. 1954 साली, प्रकृती खालावलेली असताना, त्याने पुन्हा एकदा त्याच वाद्यवृंदाकडून हीच रचना सुप्राफॉनसाठी वाजवून घेतली. ती ध्वनिमुद्रिका आजही जाणकार आदराने ऐकतात. 1957 मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय कलावंत हा किताब दिला आणि 1961 मध्ये बेरोउन गावी तो वारला. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले झोप लागली.

"वो बाजेवाले? उनका क्या हुआ?" त्यांनी विचारले.

"हैं ना अब्बा. चेक फिलहार्मोनिक आजही है. प्रागमध्येच."

"बच गए ना?"

"हां, बच गए."

"बस," अब्बा म्हणाले.

खोलीत थोडा वेळ शांतता होती. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. आणि सतरा वर्षे जे बोलले नव्हते ते माझ्या तोंडून निघाले.

"अब्बा, आपके निरोप समारंभ के दिन मेरा पेपर नहीं था."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले नाही. कानातले मशीन नीट केले.

"मालूम था बेटा. तेरा टाइमटेबल दीवार पर मैंने ही तो चिपकाया था."

मला काय बोलावे सुचेना. त्यांनीच मोबाईल उचलून माझ्या हातात दिला.

"शुरू से लगा. वो नदीवाला ठीक से सुनाई नहीं दिया."

मी पहिल्यापासून लावले. आधी गड, मग बासऱ्या, मग नदी. ती प्रागला पोहोचते न पोहोचते तोच मगरिबची अजान झाली. मी बंद केले. अब्बा वुजूला उठले आणि दारात थांबून म्हणाले, "बाकी कल."